घराण्यातला रोग की घरातला रोग?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतली एक सोयरीक मोडली. मुलगी बारावी पास, शिवणकाम शिकलेली, बोलायला चालायला नीट. मुलाकडची मंडळी दोनदा येऊन गेली होती, साखरपुड्याचा दिवसही ठरला होता. मग कुणीतरी त्यांच्या कानावर घातले, की मुलीचे आजोबा टीबीने गेले, चुलताही टीबीनेच गेला आणि वडिलांना साखरेचा आजार आहे. लगेच निरोप आला, "मुलीत काही खोट नाही. पण त्या घराण्याच्या रक्तातच रोग आहे. आम्हाला पुढच्या पिढीचा विचार करावा लागतो."

त्या दिवशी संध्याकाळी मुलीचे वडील आमच्याकडे आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "भाऊ, तुम्ही शिकलेले आहात. खरं सांगा, आमच्या रक्तात काही आहे काय?"

आम्ही म्हणालो, "दादा, तसं काही नसतं. लोक काहीही बोलतात." त्यांना चहा पाजला आणि घरी धाडले. पण रात्री झोप येईना. कारण आम्ही दिलेले उत्तर अर्धेच खरे होते. काही रोग रक्तातून येतात, हे आम्हालाही ठाऊक होते. कोणते येतात, किती येतात आणि ते कळते कसे, हे मात्र आम्हाला सांगता आले नसते. आम्ही डॉक्टर नव्हे, कारकून. पण आकडे वाचायची सवय आहे. म्हणून नंतर आम्ही जमेल तसे वाचले, डॉक्टर मित्रांना विचारले. दादांना जे उत्तर द्यायला हवे होते ते आज सर्व वाचकांपुढे ठेवत आहोत.

रक्त आणि घर

एकाच घरात तिघा-चौघांना एकच रोग झाला, की आपण म्हणतो हा घराण्याचा रोग. पण वाचकहो, आईबाप मुलांना दोन गोष्टी देतात. एक रक्त, म्हणजे शास्त्रज्ञांच्या भाषेत जनुके. दुसरे घर. त्या घरातली चूल, ताटातले अन्न, नळाचे पाणी, भिंतीची ओल, बापाची विडी, आणि पुष्कळदा बापाचा धंदासुद्धा. या दोन्ही गोष्टी एकाच दारातून मुलाकडे येतात. म्हणून रोग कशातून आला हे बाहेरून बघून सांगता येत नाही.

गिरण्यांचे उदाहरण घ्या. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बायसिनोसिस नावाचा दम्यासारखा आजार होतो. गिरण्यांच्या काळात बापाच्या जागी मुलगा लागायचा, अनेकदा त्याच खात्यात. बाप खोकत घरी बसला आणि वीस वर्षांनी मुलगाही खोकू लागला, तर तो रक्ताचा दोष म्हणायचा की धुळीचा? वंशावळीच्या कागदावर मात्र बापाच्या नावापुढे खूण, मुलाच्या नावापुढे खूण, म्हणजे रोग "घराण्यात" आहे असेच दिसेल.

टीबीचे तसेच झाले. युरोपातले मोठमोठे डॉक्टरसुद्धा एके काळी क्षय हा घराण्यातून उतरणारा रोग मानत होते, कारण एकाच कुटुंबातली माणसे पाठोपाठ मरत. १८८२ साली जर्मनीतले डॉ. रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू दाखवून दिला. एका खोलीत, बंद हवेत खोकणाऱ्या माणसाशेजारी झोपणाऱ्यांना तो जंतू गाठणारच. दादांचे वडील आणि भाऊ दहा बाय दहाच्या एका खोलीत राहत होते, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे.

पेलाग्राची गोष्ट

रक्त आणि घर यांची गल्लत किती महाग पडते याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. ते आपल्या लोकांनी मुद्दाम वाचावे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा नावाच्या रोगाने थैमान घातले. उन्हात उघडी राहणारी कातडी भाजल्यासारखी होते, जुलाब लागतात, माणसाला भ्रम होतो आणि शेवटी मृत्यू येतो. रोग गरिबांचा. सूतगिरण्यांच्या वसाहतीतले कामगार, कुळाने शेती करणारे गोरे आणि काळे, अनाथाश्रमातली मुले आणि वेड्यांच्या इस्पितळातले रोगी हे त्याचे बळी.

न्यूयॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे १९१० साली वंशावळी गोळा करणारे एक कार्यालय निघाले होते. त्याचे प्रमुख होते चार्ल्स डेव्हनपोर्ट. साऊथ कॅरोलिना राज्यातल्या स्पार्टनबर्ग जिल्ह्यात घरोघर फिरून पेलाग्राच्या रोग्यांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या. आजा, बाप, मावशी, चुलता, कुणाकुणाला रोग होता ते टिपले. १९१६ साली डेव्हनपोर्ट यांनी निष्कर्ष छापला, की या रोगाची प्रवृत्ती वंशातून उतरते. कागद खरे होते, खुणा खऱ्या होत्या. निष्कर्ष चुकला.

त्याच वेळी डॉ. जोसेफ गोल्डबर्गर हे सरकारी डॉक्टर याच रोगामागे लागले होते. ते युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातले. त्यांनी पाहिले की इस्पितळात आणि अनाथाश्रमात रोग्यांना पेलाग्रा होतो, पण तिथल्या नोकरांना होत नाही. रोग संसर्गाचा असता तर नोकरांनाही झाला असता. मग फरक कुठे? ताटात! १९१४ पासून त्यांनी मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन गावच्या दोन अनाथाश्रमांत मुलांना दूध, अंडी, मांस आणि कडधान्ये द्यायला लावली. तिथला पेलाग्रा जवळजवळ नाहीसा झाला. १९१५ साली तुरुंगाच्या शेतावर माफीच्या बोलीवर तयार झालेल्या अकरा निरोगी कैद्यांना मक्याचे पीठ, भात, साखर, सिरप असलेच अन्न दिले. सहा महिन्यांच्या आत अकरांपैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. एवढ्यावरही लोक पटवून घेईनात, तेव्हा गोल्डबर्गर यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला आणि आपल्या सहकाऱ्यांना टोचून घेतले. त्यांच्या पत्नीनेही टोचून घेतले. कुणालाही रोग झाला नाही.

पुढे त्यांनी गिरण्यांच्या सात वसाहतींत घरोघरचे उत्पन्न आणि खाणे नोंदवले. जितके उत्पन्न कमी, तितका पेलाग्रा जास्त. अखेर १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी नायसिन हे जीवनसत्त्व शोधले आणि पेलाग्राचे औषध सापडले.

हा रोग आपल्यापासून फार लांबचा नाही. दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांमध्येही पेलाग्रा होता. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी त्याचा अभ्यास करून १९६० साली तो प्रसिद्ध केला. भाकरीबरोबर डाळ, दूध, मांस आले की रोग हटतो. भाकरी वाईट नाही. नुसती भाकरी खावी लागणे वाईट.

डेव्हनपोर्ट यांच्या कार्यालयाला गरिबांचे दैन्यसुद्धा वंशातलेच वाटत होते. १९३९ साली ते कार्यालय बंद पडले. हा विचार आपल्याला नवा नाही. रक्त शुद्ध राखण्यासाठी जाती आहेत, असा युक्तिवाद आपल्या देशातही केला जात होता. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या "जातिनिर्मूलन" या भाषणात तो तपासून फेटाळला. माणसाच्या दैन्याचे खापर त्याच्या रक्तावर फोडले, की पगार, घर आणि अन्न यांचा जाब कुणालाच द्यावा लागत नाही.

मग खरा हिशेब कसा करतात?

पण एवढ्यावरून "रक्तातून काहीच येत नाही" असे म्हणणे हीदेखील चूक आहे. रक्ताचा वाटा आणि घराचा वाटा वेगळा काढायचा, तर तसे नमुने शोधावे लागतात.

पहिला नमुना जुळ्या मुलांचा. जुळी दोन प्रकारची असतात. काही एकाच बीजातून झालेली, हुबेहूब. त्यांची जनुके सारखीच असतात. काही दोन बीजांतून झालेली. त्यांची जनुके सख्ख्या भावंडांइतकीच जुळतात, म्हणजे सरासरीने निम्मी. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच ताटावर वाढतात. मग हुबेहूब जुळ्यांत एखाद्या रोगाबाबत साम्य जास्त आढळले, तर ते जास्तीचे साम्य रक्ताचे.

आम्हा बी. कॉम.वाल्यांना समजेल असे उदाहरण घेऊ. समजा, एका रोगात हुबेहूब जुळ्यांचे साम्य शंभरात ६० आणि दुसऱ्या जुळ्यांचे ३५ आहे. फरक २५. हा फरक निम्म्या जनुकांमुळे पडला, म्हणून दुप्पट करायचा. ५० हा रक्ताचा वाटा. हुबेहूब जुळ्यांच्या ६० मधून ५० वजा केले, १० उरले. तो सामाईक घराचा वाटा. राहिलेले ४० ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेल्या वेगळ्या गोष्टींचे, आणि काही मोजण्यातल्या चुकांचे.

असा हिशेब प्रत्यक्षात झालेला आहे. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड या देशांत जुळ्यांची सरकारी नोंदवही असते. तिथल्या ४४,७८८ जोड्यांवरून २००० साली कॅन्सरचा हिशेब प्रसिद्ध झाला. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा ४२ टक्के निघाला, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ३५ टक्के आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये २७ टक्के. म्हणजे वाटा आहे, पण निम्म्याहून अधिक भाग बाहेरचाच.

दुसरा नमुना दत्तक गेलेल्या मुलांचा. त्यांचे रक्त एका घरचे आणि ताट दुसऱ्या घरचे. डेन्मार्कमध्ये १९२४ ते १९२६ या काळात जन्मून दत्तक गेलेल्या ९६० मुलांचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. जन्म देणारी आई किंवा बाप पन्नाशीच्या आत जंतूंच्या रोगाने गेला असेल, तर त्या मुलालाही तशाच रोगाने अकाली मरण येण्याचा धोका पाच-सहा पट दिसला. कॅन्सरचे उलट. जन्मदात्याच्या कॅन्सरने फारसा फरक पडला नाही. पण पाळणारी आई किंवा बाप पन्नाशीच्या आत कॅन्सरने गेला असेल, तर धोका सुमारे पाचपट. अशा अभ्यासात मृत्यूंची संख्या थोडी असते, म्हणून आकडे ढोबळ समजावेत. पण ज्याला आपण संसर्ग म्हणतो त्यातही रक्ताचा हात असतो आणि ज्याला घराण्याचा म्हणतो त्यात घराचा, हे त्यातून दिसते. टीबीचा जंतू अंगात शिरलेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. कुणाला होईल यात रक्ताचा काही भाग आहे, पोटातल्या अन्नाचाही आहे. पण जंतूच आला नाही, तर रक्त कसलेही असो, टीबी होत नाही.

तिसरा नमुना आम्हा कारकुनांना आवडेल असा आहे. इस्पितळात केसपेपर काढताना "जवळचा नातेवाईक कोण, नाते काय" असा रकाना भरून घेतात. आपण तो कंटाळून भरतो. न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या इस्पितळांतले असे रकाने संगणकाने जोडले. याची ही आई, तिचा हा भाऊ, असे करत ७४ लाख नाती जुळली. त्यावरून ५०० रोग आणि लक्षणांचा आनुवंशिक वाटा काढला गेला. हे काम २०१८ साली प्रसिद्ध झाले. सामान्य माणसाने खरेपणाने भरलेल्या रकान्याची किंमत केवढी, ते बघा.

टक्क्यांचा अर्थ

इथे एक मोठी चूक होते. एखाद्या रोगाचा आनुवंशिक वाटा ५० टक्के आहे असे वाचले, की लोक समजतात, बापाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता ५० टक्के. तसे मुळीच नाही. तो आकडा एका माणसाचा नसतो. एका काळातल्या, एका ठिकाणच्या लोकसमूहात कुणाला रोग होतो, कुणाला होत नाही, या फरकांपैकी किती भाग जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, एवढेच तो सांगतो. परिस्थिती बदलली की आकडा बदलतो. डेन्मार्कच्या सुखवस्तू घरांचा आकडा आपल्या वस्तीला जसाच्या तसा लागू होत नाही. आणि एका समाजात रोग जास्त, दुसऱ्यात कमी, एवढ्यावरून तो फरक रक्ताचा आहे असे तर कधीच ठरत नाही.

दुसरे असे, की रक्तातून आले म्हणजे कपाळी लिहिले असे नाही. जवळची नजर पुष्कळ घरांत वारशाने येते. आपण चष्मा लावतो आणि कामाला लागतो. साखरेच्या आजारातही रक्ताचा वाटा आहे. पण चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी साखर वाढू लागलेल्या ५३१ जणांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. रोजचे चालणे आणि बेताचे खाणे एवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण तीन वर्षांत सुमारे २८ टक्क्यांनी घटले. त्या माणसांचे रक्त तेच होते.

जिथे रक्ताचा हिशेब पक्का आहे

काही रोग मात्र एकाच जनुकाचे असतात. तिथे टक्केवारीचा अंदाज लागत नाही, सरळ गणित असते. आपल्या लोकांनी लक्षात ठेवावा असा रोग म्हणजे सिकलसेल. विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही तो आहे. आईबापांपैकी एकाकडूनच हे जनुक आले, तर माणूस वाहक होतो. त्याला सहसा त्रास नसतो, त्याला कळतही नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रोगी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण मोकळे होण्याची २५ टक्के. पहिले मूल चांगले झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. आणि दोष एकट्या सुनेचा कधीच नसतो, जनुक दोघांकडून यावे लागते. नात्यातल्या नात्यात, मामाची किंवा आत्याची मुलगी करताना दोघेही वाहक निघण्याचा संभव वाढतो.

तपासणी साध्या रक्ताची आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. लग्नाआधी मुलाने आणि मुलीने, दोघांनीही तपासून घ्यावे. एक वाहक आणि एक मोकळा असेल, तर बेलाशक लग्न करावे. त्यांच्या मुलाला हा रोग होत नाही.

घरचा एक कागद

आता आमची एक विनंती. येत्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून एक कागद तयार करा. आजी-आजोबा दोन्हीकडचे, आईवडील, काका, आत्या, मामा, मावशी, भावंडे. प्रत्येकापुढे लिहा, कोणता आजार, कितव्या वर्षी सुरू झाला, कशाने गेले. आणि त्याच ओळीत लिहा, काम काय करत होते, राहत कुठे होते, विडी-तंबाखू-दारू होती काय. हा शेवटचा रकाना स्पार्टनबर्गच्या वंशावळींत असता, तर कदाचित निष्कर्ष वेगळा निघाला असता.

आपल्या घरांत हा कागद भरणे सोपे नाही. "पोटात दुखून गेला", "अंगावर काढलं आणि गेली" एवढेच सांगायला माणसे उरली आहेत. जे ठाऊक नाही तिथे "माहीत नाही" असेच लिहा, अंदाजाने भरू नका. हा कागद डॉक्टरला दाखवण्यासाठी आहे, सोयरिकीच्या बैठकीत फिरवण्यासाठी नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही दादांकडे गेलो आणि असा कागद त्यांच्याबरोबर बसून भरला. टीबीपुढे लिहिले, एक खोली, एक खिडकी, तीही बंद. साखरेपुढे लिहिले, दादांच्या आईलाही होती, दादांना पंचेचाळिसाव्या वर्षी. मुलीला सांगितले, "बाई, हा वाटा तुझ्याकडे येऊ शकतो. तिशीपासून वर्षातून एकदा साखर तपासून घे, चालणे सोडू नकोस." तिने कागद नीट वाचला. मग म्हणाली, "काका, मुलाकडच्यांनीसुद्धा असा कागद भरला होता का?"

मोडलेली सोयरीक पुन्हा जुळली नाही. पण दादा निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या रक्ताचं थोडं आहे, अन् खोलीचं जास्त होतं." आम्ही म्हणालो, "होय दादा." हे उत्तर आम्ही पहिल्याच दिवशी द्यायला हवे होते.